नितायबाबू झोपले होते का?

माझ्या पहिल्या नोकरीविषयी सांगितलं की लोक हसत. पुण्याला मावशीकडे एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाढपाला उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "कलकत्त्यात काय करतेस गं?"

"माणसं कामावर किती थकतात ते मोजते," मी म्हटलं.

त्यांनी हातातलं भातवाढं खाली ठेवलं. "मग आधी माझं मोज. पहाटेपासून उभी आहे."

सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. खरं तर त्या बाईंचं मोजता आलं असतं. पेटी बरोबर नव्हती, एवढंच.

ही पेटी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचा देव. लाकडी, काळ्या रंगाची, एका बाजूला डोळा लावायला भोक. आत एक दिवा लुकलुकत असायचा. बाहेरची चकती फिरवली की लुकलुक वाढत जायची आणि एका वेगाला पोचली की डोळ्यांना ती कळेनाशी व्हायची. दिवा सलग जळतोय असं वाटायचं. ताजातवाना माणूस बऱ्याच वेगापर्यंत लुकलुक ओळखतो. थकलेल्याला दिवा फार लवकर स्थिर दिसू लागतो. जोडीला एक खुर्ची होती. तिच्या पुढ्यात पायानं दाबायची पट्टी आणि समोर लाल दिवा. दिवा लागला की पट्टी दाबायची. मध्ये किती वेळ गेला ते एका घड्याळाचा काटा दाखवायचा. या दोन गोष्टींच्या जोरावर आम्ही, म्हणजे आमचे प्रमुख डॉ. भादुरी आणि मी, कारखान्याकारखान्यांतून हिंडायचो.

माझे वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. बदलीवर कलकत्त्याला आले आणि पुढच्या बदलीची वाट बघता बघता भवानीपुरातच आमचं बस्तान बसलं. मी तिथेच शिकले, मानसशास्त्रात एम.ए. झाले आणि पन्नासच्या सुमारास भादुरींच्या हाताखाली लागले. भादुरी शिडशिडीत, धोतर आणि पंपशू घालणारे, ऊन असो नसो बगलेत छत्री. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी: "आमच्या प्रयोगशाळेत एक बर्गी आलीय." बर्गी म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी बंगालवर चालून गेलेले मराठे स्वार. त्यांच्या धास्तीनं कलकत्तेकरांनी खंदक खणला होता, तो उत्तरेला बागबाजारापाशी सुरू व्हायचा. एरवी "मिस देवधर" म्हणत, पण खुशीत असले की बर्गी. मला त्याचा कधी राग आला नाही. आडनावापेक्षा ते लाडाचं वाटायचं.

त्यांचं एक म्हणणं होतं. "माणूस थकलाय हे पेटी सांगते. का थकला हे पेटीला विचारू नका." याचा प्रत्यय पहिल्याच वर्षी आला. एका छापखान्यात एक म्हातारे जुळारी दिवसभर खिळे जुळवूनही संध्याकाळी सकाळइतकेच ताजे निघाले. आम्ही चकित. मग कळलं, दुपारी जेवण झालं की ते कागदाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन मस्त ताणून देत. मालकाला हे कळू नये म्हणून भादुरींनी अहवालात "विश्रांतीचे महत्त्व" असा एक सुरेख परिच्छेद लिहिला.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. सरदारजी आले तेव्हापासून ते काम मला जड वाटू लागलं.

थंडीचे दिवस होते. सरदार बलवंतसिंग, साठीच्या आसपासचे, धिप्पाड, पांढरी दाढी. त्यांच्या मोजक्याच बस डमडमहून बागबाजारमार्गे डलहौसीच्या कचेऱ्यांकडे जायच्या. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या ट्रकांवर लाकडी सांगाडा चढवून तेव्हा कलकत्त्यात पुष्कळांनी बस केल्या होत्या, तशाच याही. सरदारजींनी आमच्या खुर्चीकडे, पेटीकडे संशयानं पाहिलं आणि थेट विषयाला हात घातला.

"डॉक्टरसाहेब, मेरा एक ड्रायव्हर है. निताय. तो गाडी चालवताना झोपला होता की नव्हता, एवढं मला सांगा."

घडलं होतं ते असं. आठवड्यापूर्वी निताय दास नावाच्या ड्रायव्हरची बस बागबाजारच्या वळणावर एका ठेल्यावर गेली. ठेला ओढणारा रामधारी नावाचा बिहारी हमाल खाली सापडला आणि त्याचा पाय मांडीत मोडला. दिवसाढवळ्या, रस्ता मोकळा असताना. पुढच्या बाकावरचे उतारू ओरडले की ड्रायव्हर झोपेत होता. नितायला त्यांनी खाली ओढून मारलंही. मार खात खातच त्यानं ठेलेवाल्याला उचलून बसमध्ये घातलं आणि स्वतः बस चालवत इस्पितळात नेलं. ठेला चुकीच्या बाजूनं आला होता म्हणून पोलिसांनी ताकीद देऊन सोडलं. पण सरदारजींच्या मनातून ते जाईना.

"माणूस सोन्यासारखा आहे," ते म्हणाले. "पाकिस्तानातून आला. मीही तिकडचाच, लायलपूरचा. त्याचं गाव पूर्वेला राहिलं, माझं पश्चिमेला. आला तेव्हा माझ्या बस धूत होता. मीच त्याला गाडी शिकवली. पण झोपला असेल तर त्याच्या हातात उतारू देणार नाही. दुसरं काम कुठून देऊ? माझ्याकडे दुसरं कामच नाही."

"तो काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, झोपलो नव्हतो. मग काय झालं विचारलं तर गप्प बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नितायबाबू आले. चाळिशीचे, ठेंगणे, कपाळावर अजून माराची खूण. हात जोडून दारातच उभे राहिले. मी बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेला टेकले. मला ते पहिल्यापासून दीदीमणी म्हणायचे, बंगालीत मास्तरणींना म्हणतात तसं. बारिसालकडच्या नद्यांवर ते आगबोटीचे सुकाणी होते. वडीलही सुकाणी. आगबोटीविषयी विचारलं की चेहरा उजळायचा. अपघाताविषयी विचारलं की पुन्हा मिटायचा.

"ठेला तुम्हाला दिसला नाही?"

"दिसला, दीदीमणी."

"मग?"

"मोठ्या नदीत पलीकडच्या काठाला माणूस चालताना दिसतो ना, तसा दिसला. दिसतो, पण त्याच्याशी आपलं काही नसतं. मग एकदम जवळ आला. माझे डोळे उघडे होते, हे मी कालीमातेची शपथ घेऊन सांगतो. पण डोळे उघडे होते तर पाय का हलला नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मी बोलत नाही."

आम्ही त्यांना तपासलं. दोन्हींत उत्तम. लाल दिवा लागायचा अवकाश, पाय पट्टीवर. भादुरींनी भुवया वर केल्या.

पण सकाळची तपासणी ही अर्धीच. काम करून आलेल्या माणसाला तपासल्याशिवाय काही बोलता येत नाही. सरदारजी नितायबाबूंना एकट्याला बस द्यायला तयार नव्हते. शेवटी त्यांनी आपल्या पुतण्याला, कर्नेलसिंगला, त्यांच्या शेजारी बसवायचं ठरवलं. गडी तरणाबांड, त्यांच्याकडचा सगळ्यात हुशार ड्रायव्हर. काम एकच: नितायच्या डोळ्यांवर नजर ठेवायची आणि वेळ आली तर हातब्रेक ओढायचा.

त्या संध्याकाळी नितायबाबू दिवसभराच्या फेऱ्या करून आले. सकाळचा माणूस तो हाच, असं वाटेना. पेटीतला दिवा त्यांना सुरुवातीलाच स्थिर दिसायला लागला. लाल दिवा लागला तरी पाय उचलेना. एकदा तर त्यांनी दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग पट्टी दाबली. इतकी घसरण मी गिरणीत दोन पाळ्या ओढून आलेल्या माणसांतही पाहिली नव्हती.

"झोपले होते का ते?" मी कर्नेलला विचारलं.

"नाही बहनजी. पूर्ण वेळ जागे होते. गप्प होते, पण जागे होते."

घड्याळाचा काटा नितायबाबूंनीही पाहिला होता. छातीला हात लावून नमस्कार केला आणि निघून गेले.

भादुरींचं मत लगेच झालं. "हा शरीराचा थकवा नाही, मिस देवधर. मनाचा आहे. देश सुटला, घर सुटलं, नदी सुटली. सकाळी माणूस उसनं बळ आणतो, दिवसभरात ते संपतं. अशी माणसं शहरभर आहेत. फक्त ती सगळी बस चालवत नाहीत." आणि हलकेच म्हणाले, "त्याला गाडीवरून उतरवावं लागेल. वाईट वाटतं, पण लिहावं लागेल."

त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही म्हणवत नव्हतं. पण लिहिण्याआधी नितायबाबूंच्या घरी एकदा जाऊन यावं म्हणून मी रविवारी डमडमला गेले. रेल्वे रुळांपलीकडे निर्वासितांची वसाहत होती. चटयांच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यावर भोपळ्याचे वेल. नितायबाबू घरी नव्हते. त्यांच्या पत्नी, सरयूबाला, मला बघून घाबरल्या. निकाल लागला असंच त्यांना वाटलं असावं. मग बसायला वेताचा मोढा पुढे सरकवला, मुडी म्हणजे कुरमुरे आणि नारळाची वडी आणून ठेवली.

"रात्री झोपतात का नीट?"

"दगडासारखे झोपतात. पण घरी येतात तेच डोकं धरून. कधी ओकारी होते. जेवत नाहीत. मी बोललेलं त्यांना ऐकू येतं, पण पोचत नाही. म्हणतात, डोकं तिकडेच राहिलंय गं, नदीवर. मी काय करू सांगा? नदी कुठून आणू?"

"आज कसे आहेत?"

"आज छान आहेत. सुट्टीच्या दिवशी छानच असतात. पहाटे उठून वेलाला आधार लावला. आता त्या ठेलेवाल्याला बघायला इस्पितळात गेलेत, संत्री घेऊन. गेल्या रविवारीही गेले होते."

मी परत निघाले ती डोक्यात हेच घेऊन. सुट्टीच्या दिवशी नदी आठवत नाही आणि कामाच्या दिवशी आठवते, असं का? पण भादुरींच्या म्हणण्यातही हे बसत होतंच. चाक हातात आलं की सुकाणू आठवत असेल, असं म्हणता आलं असतं. मी स्वतःशी तसं म्हणूनही पाहिलं.

सोमवारी तीच तपासणी पुन्हा. संध्याकाळी नितायबाबू आले तसेच घसरलेले. कर्नेल बाहेर बाकावर कपाळ दाबत बसला होता. एरवी हा मुलगा येता-जाता सगळ्यांची थट्टा करणारा. चहावाल्यानं पेला पुढे केला तर त्याच्यावर खेकसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. नितायदाच्या शेजारी दिवसभर बसून माझं डोकं उठलंय. जांभया येतात. दोन दिवस नुसता बसलोय, स्टीअरिंगला हात लावलेला नाही. बसून बसून गंजलो."

का कोण जाणे, मी म्हटलं, "ये, जरा पेटीला डोळा लाव."

तो घसरला होता. नितायबाबूंइतका नाही, तरी चांगलाच. पट्टीवर तर त्यानं दोनदा चुकीच्या वेळी पाय मारला आणि स्वतःवरच चिडला.

मी भादुरींच्या टेबलाशी गेले. "सर, ज्यानं काही केलंच नाही तो का थकला?"

"कंटाळला."

"कंटाळ्यानं डोकं दुखतं? आणि त्याचं गाव तर कुठे सुटलेलं नाही. तो भवानीपुरात जन्मलाय."

भादुरींनी चष्मा काढला. त्यांना माझं म्हणणं पटलं नव्हतं, पण आवडलं होतं. "मग पुढे काय, बर्गी?"

"उद्या त्या जागेवर मी बसते."

आमचं काम इतकं साधं असतं, बाहेरच्यांना ते सांगितलं तर खरं वाटत नाही. एका जागी दोन गोष्टी असतील, माणूस आणि त्याची जागा, तर एक तशीच ठेवायची आणि दुसरी बदलायची. आम्ही इतके दिवस फक्त माणसाकडे बघत होतो.

मंगळवारी मी कर्नेलच्या जागी बसले. सरदारजी म्हणाले, "बेटी, ड्रायव्हरशेजारी बाई बसलेली लोकांनी कधी पाहिली नाही." मी शाल गुंडाळून बसले. कलकत्त्याला थंडी म्हणजे काय, हे ज्यानं तिथला डिसेंबर पाहिला नाही त्याला कळणार नाही. हवा नुसती गार झाली तरी घराघरांतून माकडटोप्या बाहेर पडतात. उतारू चढले की पहिलं काम, खिडक्यांवरचे कॅनव्हासचे पडदे खाली ओढायचे. "थंडीनं मारणार का?" असं एकानं मला दटावलं, कारण मी माझ्या बाजूचा पडदा थोडा वर केला होता. मी तो सोडून दिला. पुढचे दोन बाक तर राखीव असल्यासारखे होते, रोजचे कचेरीवाले तिथेच बसायचे. एक वयस्कर कारकून मला कौतुकानं म्हणाले, "या गाडीत बसावं तर पुढेच. उबदार असतं. बागबाजार यायच्या आत माझा डोळा लागतो. दुसऱ्या गाडीत नाही लागत."

मला तेव्हा त्यात फक्त गंमत वाटली.

इंजिन आमच्या दोघांच्या मध्ये, लाकडी झाकणाखाली. पायाखालची फळी गरम. पेट्रोलचा वास, पण तो काय, प्रत्येकच बसला असायचा. पहिल्या फेऱ्यांना मी नितायबाबूंकडे लक्ष ठेवून होते. दुपारनंतर माझं लक्ष कशावरच नव्हतं. कपाळात ठसठस सुरू झाली. नितायबाबू काहीतरी बोलले, बहुधा आगबोटीविषयी, आणि मी "हो" म्हटलं. ते काय बोलले ते मला ऐकू आलं होतं. अर्थ लावायचा राहून गेला.

बागबाजारच्या वळणावर एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. डोक्यावर शेण्यांची पाटी. मी तिला पाहिलं. अगदी स्वच्छ पाहिलं, पाटीसकट. आणि मला काहीच वाटलं नाही. सावध करावं, ओरडावं, काही नाही. ती पलीकडच्या फुटपाथवर चढली. आणि मग, ती गेल्यावर, माझ्या छातीत धस्स झालं.

नितायबाबूंनी बस कडेला घेतली होती. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक.

"तुम्हालाही?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. आम्ही दोघांनी मिळून पुढचे पडदे वर केले, उतारूंचा आरडाओरडा होऊ दिला आणि त्यांना तिथेच उतरवून दुसऱ्या बसमध्ये बसवून दिलं. त्या संध्याकाळी माझी तपासणी भादुरींनी घेतली. आकडे त्यांनी मला दाखवले नाहीत. म्हणाले, "घरी जा. उद्या बोलू." घरी आईनं जेवायला बोलावलं तर मी तिच्यावर ओरडले. अंधारात पडून राहिले. सकाळी उठले ती हलकी फुलासारखी होऊन. तेव्हा मला सरयूबालांचा रविवार कळला.

बाकीचं काम मग सोपं होतं. भादुरींच्या ओळखीचे रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक होते. इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला स्वतःला रंग नाही, वास नाही. एक विशिष्ट औषध लावलेला कागद त्या वायूत धरला की काळा पडतो. प्राध्यापकांनी असे कागद करून दिले. सरदारजींच्या अड्ड्यावर, रिकामी बस उभी करून, पडदे खाली सोडून, इंजिन चालू ठेवून आम्ही ते कागद आत टांगले आणि बाहेर येऊन उभे राहिलो. सरदारजी, कर्नेल, नितायबाबू, आणि इद्रिस मिस्त्री, सगळ्या बस दुरुस्त करणारे. इद्रिस मिस्त्रींना हा सगळा प्रकार म्हणजे आपल्या कामाचा अपमान वाटत होता.

"माझ्या हातची गाडी आहे," ते पुन्हापुन्हा सांगत होते. "आवाज ऐका. शिवणाच्या यंत्रासारखी चालते."

भादुरींनी दार उघडून हवा जाऊ दिली आणि कागद बाहेर आणले. मागच्या बाकावरचा जवळजवळ तसाच होता. पुढच्या बाकावरचा करडा. ड्रायव्हरच्या पायापाशी टांगलेला काळा.

मग इद्रिस मिस्त्रीच आधी हलले. गाडीखाली शिरले, बराच वेळ ठोकाठोक ऐकू येत राहिली आणि बाहेर आले ते काळेमिट्ट होऊन. धुराची नळी इंजिनाला जिथे जोडलेली असते, तिथला सांधा तडकला होता. पावसाळ्यात नळी बदलली तेव्हा तो नीट बसला नव्हता. वर, गिअरचा दांडा जिथून येतो तिथे फळीत मोठं भोक. धूर सरळ वर. थंडी पडेपर्यंत खिडक्या उघड्या असायच्या म्हणून निभावलं. थंडीत पडदे खाली आले आणि बसची पेटी झाली.

मिस्त्रींनी सरदारजींकडे पाहिलं नाही. ते नितायबाबूंसमोर जाऊन उभे राहिले. "नितायभाई, माझ्या हातून राहिलं."

नितायबाबूंनी त्यांचा हात धरला, पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. माणूस निर्दोष ठरला, नोकरी राहिली. ते अड्ड्याच्या भिंतीशी जाऊन बसले. मी जवळ गेले.

"म्हणजे धूर होता," ते म्हणाले.

"हो. तुम्ही झोपला नव्हतात. तुमच्या मनाला काही झालेलं नाही."

"मला वाटायचं मला बारिसाल आठवतंय. रोज दुपारी सगळं धूसर व्हायचं, वाटायचं नदीवर धुकं उतरतंय. मी बायकोला सांगायचो, माझा जीव तिकडे राहिलाय. ती रडायची." त्यांनी मान वर केली. "ते सगळं नळीतून येत होतं?"

ज्या दुःखाशी माणूस थंडी पडल्यापासून झगडत होता, ते दुःखच नव्हतं असं सांगणं मला वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही.

सरदारजींनी बस उभी केली, नळी बदलली, फळ्या बदलल्या, आणि सगळ्या बसमधून आमचे कागद टांगले. आणखी एकीत कागद करडा निघाला. ती कर्नेलचीच होती. तो नंतर कितीतरी दिवस नितायबाबूंशी अदबीनं वागायचा.

रामधारीला सांगायला नितायबाबू मला घेऊन गेले. एकट्यानं सांगितलं तर सबब वाटेल, म्हणाले. इस्पितळाच्या लांबलचक वॉर्डात तो पाय टांगून पडला होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, नळी, धूर, कागद. तो शांतपणे ऐकत होता.

"बाबू दर रविवारी हेच सांगायचे, मी झोपलो नव्हतो, मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला. "मी म्हणायचो, झोपला असाल नाहीतर नसाल, पाय तर माझाच मोडला. आता तुम्ही धूर म्हणता. पाय तोच आहे, दीदी."

"खरं आहे," मी म्हटलं.

मग तो नितायबाबूंकडे वळला. "पण बरं झालं. तुमचं तोंड बघवत नव्हतं. आता संत्री आणली तर जरा हसून आणा."

त्याचा पाय जुळला, पण आखूड जुळला. ठेला ओढणं संपलं. सरदारजींनी त्याला अड्ड्यावर राखणीला ठेवलं. रोज सकाळी इंजिन चालू करून पडदे सोडायचे आणि फळीच्या फटीवर ओला फडका धरून त्याला काजळी लागते का ते बघायचं, हे काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं. इद्रिस मिस्त्रींनाही त्याच्या होकाराशिवाय बस सोडता यायची नाही.

भादुरींनी अहवाल लिहिला आणि त्यात स्वतःचा पहिला निष्कर्षही जसाच्या तसा घातला, खाली "हा चुकीचा ठरला" असं लिहून. शहरातल्या इतर बसमालकांना आम्ही तो पाठवला. दोघातिघांनी कागद मागवले. बाकीच्यांचं उत्तर एकच: आमचे ड्रायव्हर थकत नाहीत. पुढची कित्येक वर्षं हिवाळ्यात कलकत्त्याच्या बसमध्ये पडदे खाली ओढलेले आणि माणसं पेंगताना पाहिली की माझा हात आपोआप खिडकीकडे जायचा. त्यासाठी मी पुष्कळ बोलणी खाल्ली. काही वेळा पडदा वर करता आला, पुष्कळदा नाही.

त्यानंतर मी गिरण्या पाहिल्या, खाणी पाहिल्या, गोदीतले क्रेनवाले पाहिले. कुठेही गेले की आधी माणसाच्या जागी जाऊन बसायचे, मग पेटी उघडायची. भादुरी गेले, पेटीही मोडीत गेली असावी. पण ती सवय शेवटपर्यंत राहिली.

त्या थंडीनंतरच्या उन्हाळ्यात एकदा मी डमडमहून परत येत होते, तेव्हा योगायोगानं नितायबाबूंचीच बस मिळाली. त्यांनी पुढचा बाक मोकळा करवून मला बसवलं. सगळे पडदे वर होते, गरम वारा तोंडावर येत होता.

"डोकं?" मी विचारलं.

"एकदम साफ. बायको म्हणते, तुम्ही आता फार बोलता."

बागबाजार गेलं. मग समोरून नजर न काढता म्हणाले, "दीदीमणी, एक सांगू? गाव अजून आठवतं. मला वाटलं होतं धुराबरोबर तेही जाईल. गेलं नाही. रविवारीसुद्धा आठवतं, वेलाला पाणी घालताना."

"त्रास होतो?"

"होतो. पण आता स्वच्छ दिसतं. घाट, बोट, वडिलांचे हात. आधी नुसतं धुकं होतं." पुढे एक सायकलवाला मध्येच आडवा आला. त्यांचा पाय क्षणात ब्रेकवर गेला, बस थांबली, सायकलवाला निघून गेला. नितायबाबूंनी गिअर टाकला. "आता जे आठवतं ते माझं आहे," ते म्हणाले आणि बस पुढे काढली.